लातूरची वक्राची बॅच: दहा दिवस, बाराशे रुपये आणि साडीच्या बॉक्सचं झाकण

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येतंच. क्लासचं नाव टाकत नाही कारण नावच नाही, पाटी नाही, बॅनर नाही, रँकवाल्या पोरांचे फोटो नाहीत. गणिताचे रिटायर झालेले एक सर आहेत, दिवाळीच्या सुट्टीत घरच्या पुढच्या खोलीत दहा दिवस पोरं घेतात, समीकरण बघून त्याचा वक्र ओळखायला शिकवतात, पोरं त्याला वक्राची बॅच म्हणतात बस. सरांना विचारलं तुमचं नाव टाकू का, तर म्हणले "कशाला, उगी गर्दी." म्हणून नाही टाकलं. गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटं, एवढंच सांगते, गणितवाल्या पोरांना विचारलं की घरापर्यंत आणून सोडतेत.

आता मी का लिहायले ते सांगते. आम्ही औश्याकडचे. माझा भाऊ गेल्या साली बारावी झाला, सीईटीला (प्रवेश परीक्षेला) मॅथ्समधी मार खाल्ला, ह्या साली ड्रॉप घेतलाय. लातूर पॅटर्न लातूर पॅटर्न म्हणून घरच्यांनी त्याला ट्यूशन एरियातल्या एका मोठ्या क्लासला टाकलं, फी किती ते विचारू नका, वडिलांनी सोयाबीनचे पैसे हातात यायच्या आधीच तिकडं वळते केले. क्लास वाईट आहे असं नाही म्हणत, एसी आहे, अ‍ॅप आहे, दर रविवारी टेस्ट होती, मार्क लगेच घरच्या मोबाईलवर येतेत. पण सप्टेंबरातल्या एका टेस्टमधी एक प्रश्न आला, खालचं समीकरण कोणता वक्र दाखवतं म्हणून:

क्ष² − ४य² − २क्ष + १६य − १५ = ०

(क्ष आणि य का लिहिलं ते पुढं कळेल.) भावानं उत्तर मार्क केलं दोन सरळ रेषा. आन्सर की म्हणली हायपरबोला (दोन तुकड्यांचा उघडा वक्र). मार्क गेले. त्यानं तिथं विचारलं तर उत्तर मिळालं की एच स्क्वेअर मायनस एबी काढ, शून्याच्या वर आलं की हायपरबोला, क्लासच्या सूत्रांच्या चार्टमधी दिलंय, पुढचं बघ. आणि खरी लाज वाटायची गोष्ट ही की तो घरी येऊन मला विचारला आणि मी पण तेच म्हणले. मी बीएस्सी मॅथ्स आहे बरं का, फर्स्ट क्लास. मी कागदावर एच शून्य (क्ष गुणिले य चं पदच नाही), ए एक (क्ष² पुढचा आकडा), बी वजा चार (य² पुढचा), म्हणजे शून्य वजा वजा चार, अधिक चार, झालं की हायपरबोला, एवढं करून त्याला म्हणले तू उगी डोकं लावत बसतोस. तो गप बसला. त्यानंतर महिनाभर कोणत्याबी प्रश्नाला आधी चार्ट काढायचा, स्वतःचं काहीच लिहायचा नाही, हे मला नंतर कळलं.

दिवाळीत गल्लीतल्या एका पोरानं ह्या बॅचचं सांगितलं. संध्याकाळी पाच ते सात, दहा दिवस, बाराशे रुपये रोख. पावती मागितली तर सरांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून सही करून दिली, ज्याला पक्की पावती लागती त्यानं आधीच विचारून घ्यावं. परतीच्या एसटीचा भरवसा नाही म्हणून मी पण सोबत जायचे, पहिल्या दिवशी बाहेर पायरीवर बसले होते तर सर म्हणले "ताई, आत बसा की, पायरीवर डास चावतेत." तवापासून दहाच्या दहा दिवस मी मागच्या सतरंजीवर. बाराशेत दोघं शिकले असं म्हणा, माझे पैसे घेतले नाहीत.

खोली म्हणजे दहा बाय बाराची, वीस पोरं, फळा खराखुरा काळा, खडू. आणि सर समीकरण लिहितेत ते क्ष आणि य मधी, जुन्या मराठी मीडियमसारखं. ए, बी, सी, एफ, जी, एच च्या जागी अ, ब, क, फ, ग, ह असे सहगुणक, म्हणजे पदांपुढचे आकडे. पहिल्या दिवशी त्यांनी दुसऱ्या डिग्रीचं जनरल समीकरण लिहिलं:

अक्ष² + २हक्षय + बय² + २गक्ष + २फय + क = ०

पहिलंच पद "अक्ष वर्ग" वाचून एक पोरगी म्हणली सर हा अक्षाचा वर्ग कशाला, आणि अख्खी खोली हसली, सर पण हसले. मग म्हणले हसा, पण ह्याच्यामुळं तुम्ही डोळे झाकून एच स्क्वेअर मायनस एबी म्हणणार नाहीत, थांबून बघताल. खरंच तसं झालं. मी पण इथं तसंच लिहायले, सवय लागली आता.

सरांची पद्धत सांगते, कारण पैसे त्याचेच आहेत. फॉर्म्युला पहिल्या दोन दिवसांत शिकवतच नाहीत. समीकरण दिलं की आधी नुसतं बघायचं. क्षय चं (क्ष गुणिले य) पद आहे का नाही? नसलं तर कोणत्याच सूत्राला हात लावायचा नाही, सरळ वर्ग पुरे करायचे, आणि उजवीकडं काय उरलं ते बघायचं. पहिल्या दिवसाचं उदाहरण:

क्ष² + ४य² − २क्ष + १६य + १३ = ०

क्ष ची पदं एकत्र, य ची एकत्र, (क्ष−१)² मधून एक गेला, ४(य+२)² मधून सोळा गेले, तेरा होतेच, शेवटी (क्ष−१)² + ४(य+२)² = ४. दोन्ही वर्गांची चिन्हं सारखी, पण सहगुणक वेगळे, उजवीकडं पॉझिटिव्ह, म्हणजे इलिप्स, लांबट गोल, ज्याला पुस्तकात विवृत्त म्हणतेत. केंद्र (१, −२), आडवा अर्धा अक्ष दोन, उभा एक. हे सगळ्यांना येतं. पण सर तिथंच थांबत नाहीत, तेरा खोडून सतरा लिहितेत आणि विचारतेत आता काय? उजवीकडं शून्य. इलिप्स कुठाय? नुसता एक बिंदू राहिला, (१, −२) तेवढा. मग सतरा खोडून वीस. आता दोन वर्गांची बेरीज वजा तीन, असा एकबी बिंदू कागदावर नाही. डावीकडची पदं तीच, चार्ट तिन्ही वेळा इलिप्सच म्हणणार. पोरं गपगार झाली. माझ्या शेजारी बसलेल्या पोरानं हळूच पानाच्या कोपऱ्यात तीन इलिप्स काढले, एक मोठा, एक टिंब, आणि तिसऱ्या जागी नुसती फुली.

वर्तुळाचं पण तसंच. क्ष² + य² + २क्ष + ४य + ९ = ० हे काय, तर सगळे म्हणले सर्कल, क्ष वर्ग य वर्गाचे सहगुणक सारखे, क्षय नाही. सर म्हणले त्रिज्या काढा. ग वर्ग अधिक फ वर्ग वजा क, एक अधिक चार वजा नऊ, वजा चार. वजा चारचं वर्गमूळ. "घ्या, दोरी घ्या आणि काढा हा सर्कल गोलाईत जाऊन."

गोलाई सरांच्या तोंडात सारखी असती. बाहेरच्यांना सांगते, गंजगोलाई म्हणजे लातूरचा गोल बाजार, मधी जगदंबेचं मंदिर आणि चहूबाजूंनी सोळा रस्ते येऊन मिळतेत, १९१७ साली बांधलेलं. सर म्हणले धरून चाला की मंदिर मूळबिंदूवर आहे आणि समोरासमोरचे दोन रस्ते मिळून एक सरळ रेषा, मग कोणत्याबी दोन रेषांचं मिळून समीकरण काय? तर अक्ष² + २हक्षय + बय² = ०, पुढची पदंच नाहीत, हाच तर बारावीच्या पुस्तकातला रेषांच्या जोडीचा धडा. आता मूळबिंदू उचलून बसस्टँडवर न्या. गोलाई गोलच राहणार ना? रस्ते वाकडे होणार का? नाही. समीकरणात फक्त मागची पदं बदलतेत, ग, फ आणि क, समोरची अ, ह, ब जशीच्या तशी. म्हणून सगळ्यात आधी समोरच्या तीन पदांकडं बघायचं असतं, ते वक्राची जात सांगतेत, आणि मागची पदं सांगतेत की तो वक्र खराच आहे का त्याची मोडतोड झालीय. हे मला बीएस्सीच्या तीन वर्षांत कोणी असं सांगितलं नव्हतं. सांगितलं असलं तर माझं लक्ष नव्हतं, ते पण होऊ शकतं.

दहावीचं एक समीकरण टाकून त्यांनी सगळ्यांना येडं केलं: क्ष² − ५क्ष + ६ = ०. सगळे ओरडले दोन आणि तीन. सर म्हणले मला उत्तर नको, कागदावर हे काय आहे ते सांगा. कोणालाच येईना. एक पोरगं म्हणलं पॅराबोला (एका बाजूनं उघडा वक्र), कारण एकच वर्ग आहे. अरे पण य कुठाय? य वर काहीच अट नाही, म्हणजे क्ष दोन असली की य कितीबी असू दे, म्हणून दोन उभ्या समांतर रेषा. दहावीपासून आम्ही दोन रेषा सोडवत होतो आणि माहीतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते समीकरण आलं. मी सांगितलं नव्हतं, भावानं पण नाही, सरांच्या वहीतच होतं किंवा तसले प्रश्न फिरतच असतेत काय की. क्ष² − ४य² − २क्ष + १६य − १५ = ०. भाऊ पुढं बसलेला, मी मागून त्याची मान बघायले. हात वर नाही केला. बाकीचे म्हणले हायपरबोला. सर म्हणले वर्ग पुरे करा. (क्ष−१)² मधून एक, ४(य−२)² मधून सोळा, वजा एक अधिक सोळा वजा पंधरा, शून्य. म्हणजे (क्ष−१)² = ४(य−२)². वर्गमूळ घ्या, क्ष−१ बरोबर अधिक वजा २(य−२). क्ष − २य + ३ = ० आणि क्ष + २य − ५ = ०. दोन सरळ रेषा, (१, २) ला एकमेकींना छेदणाऱ्या. सरांनी दोन्ही गुणून पण दाखवलं, परत तेच समीकरण आलं.

भाऊ मागं वळून माझ्याकडं बघितला. काही म्हणला नाही. मी वहीत बघायले. घरी जाताना एसटीत म्हणले चुकलं माझं, तर म्हणतो "ताई तू बीएस्सी आहेस, तुला वाटलं असंल." आता ह्याच्यावर काय बोलायचं.

त्या दिवशी मग सरांनी मोठं सूत्र दिलं, अबक + २फगह − अफ² − बग² − कह², हे आधी काढायचं. शून्य आलं तर वक्र मोडलेला, दोन रेषा, किंवा एकच रेषा, किंवा बिंदू, किंवा काहीच नाही, तिथंच थांबून बघायचं. शून्य नाही आलं तरच ह² − अब कडं जायचं: शून्याच्या वर हायपरबोला म्हणजे अपास्त, शून्य असलं तर पॅराबोला म्हणजे अन्वस्त, खाली असलं तर इलिप्स, तो पण खरा का खोटा ते तपासून. आमच्या समीकरणात टाकून बघितलं, साठ वजा चौसष्ट अधिक चार, शून्य. मोठ्या क्लासच्या चार्टमधी हेच सूत्र आहे बरं का, मी घरी जाऊन बघितलं, सगळ्यात खालच्या ओळीत बारीक अक्षरात, "डिजनरेट केस" (मोडलेला वक्र) म्हणून. क्रम उलटा लावला, एवढंच झालंय, पण त्या एवढ्यात पोराचे मार्क गेले आणि कॉन्फिडन्स पण.

मोडलेला वक्र म्हणजे काय ते समजवायला काकू (सरांच्या बायको) फुटाणे घेऊन आल्या. पेपरचे दोन पुडे करून त्यात फुटाणे होते, पोरांनी खाल्ले, मग सरांनी रिकामे पुडे शेंड्याला शेंडा लावून धरले. हा शंकू. आडवा कापा वर्तुळ, तिरका कापा इलिप्स, पुड्याच्या बाजूला समांतर कापा पॅराबोला, दोन्ही पुडे कापले जातील असं कापा हायपरबोलाचे दोन तुकडे. आणि बरोबर शेंड्यातूनच उभं कापलं तर? कात्रीनं कापलं, कड सरळ. दोन सरळ रेषा. "शेंड्यातून गेलात की मोठं सूत्र शून्य." हे वाक्य भावानं वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलंय.

पाचव्या दिवशी लाईट गेली. पोरं मोबाईल काढायलीत तर सर म्हणले ठेवा ते, आतून जुना सेलचा टॉर्च आणला आणि भिंतीवर धरला. सरळ धरला तर गोल, तिरका केला तर लांबट, अजून तिरका केला तर खालची कड भिंतभर पळून गेली आणि वक्र उघडाच पडला. मग म्हणले ह्याच्यात पॅराबोला शोधा. एकेकाच्या हातात टॉर्च दिला. सापडतच नाही, जरा हात हलला की इलिप्स, जरा तिकडं गेला की हायपरबोला. मग सर म्हणले म्हणूनच ह² − अब बरोब्बर शून्य लागतं, जरा इकडं नाही जरा तिकडं नाही, पॅराबोला म्हणजे काठावरचा माणूस. वीस मिनिटं अंधारात हेच चाललं, लाईट आली तरी पोरं म्हणायलीत सर बंद करा की.

फिरवलेले वक्र, म्हणजे क्षय चं पद असलेले, ते सहाव्या दिवसापासून. इथं साडीच्या बॉक्सचं झाकण येतं. साडीच्या बॉक्सला वरी ते पारदर्शक प्लास्टिक असतं ना, त्यावर सरांनी मार्करनं दोन अक्ष काढलेत, मधी टाचणी. खाली ग्राफ पेपरवर ५क्ष² + ६क्षय + ५य² = ८ चा वक्र, आम्हीच बिंदू बिंदू काढलेला, तिरका पडलेला इलिप्स. झाकण वरी ठेवायचं आणि फिरवायचं, वक्राला हात लावायचा नाही. पंचेचाळीस अंशावर आलं की इलिप्स एकदम सरळ दिसायला लागतो, नव्या अक्षांत तो ८क्ष² + २य² = ८. मग सरांनी ताळा दाखवला, जुने अ आणि ब पाच अधिक पाच दहा, नवे आठ अधिक दोन दहाच. जुनं अब वजा ह वर्ग, पंचवीस वजा नऊ सोळा, नवं आठ गुणिले दोन सोळाच. फिरवलं तरी ह्या दोन गोष्टी बदलत नाहीत, म्हणून ह² − अब वर भरवसा ठेवता येतो. आता ह² − अब का, दुसरं काही का नाही, हा प्रश्न मी कॉलेजात विचारलाच नव्हता, पाठ केलं होतं. कोन किती फिरवायचा ते टॅन २थीटा बरोबर २ह भागिले अ वजा ब, ते पण शिकवलं, पण झाकण फिरवल्यावर. अ आणि ब सारखे असले की खाली शून्य येतो आणि पोरं घाबरतेत, इथं कोणी घाबरलं नाही कारण पंचेचाळीस अंश डोळ्यानं बघितलेले होते.

क्षय = १ पण त्याच झाकणानं. अ शून्य, ब शून्य, वर्गच नाहीत, तरी हायपरबोला. फिरवलं की क्ष² − य² = २.

घरचा अभ्यास म्हणून एक दिलं होतं ते मला सगळ्यात आवडलं: रूट क्ष + रूट य = १. हे तर दुसऱ्या डिग्रीचं दिसतच नाही. दोनदा वर्ग करा, क्ष² − २क्षय + य² − २क्ष − २य + १ = ० येतं, समोरची तीन पदं (क्ष−य)² आहेत, पूर्ण वर्ग, ह² − अब शून्य, मोठं सूत्र वजा चार, म्हणजे पॅराबोला, तिरका, दोन्ही अक्षांना एकेक ठिकाणी टेकणारा. पण मूळ समीकरणात फक्त त्या दोन टेकलेल्या जागांमधला तुकडा बसतो, बाकीचा वर्ग केल्यामुळं आलेला फुकटचा. भाऊ रात्री जिओजेब्रावर दोन्ही टाकून बघत बसला, ते अ‍ॅप फुकट आहे, समीकरण टाईप केलं की वक्र काढून देतं, सगळ्यांनी घ्या. सरांना आवडत नाही. म्हणतेत आधी हातानं काढा, मग मशीनला विचारा. माझं मत वेगळं आहे, वीस बिंदू काढण्यात एक तास जातो आणि पोराकडं तास नाहीत. पण वाद नाही घातला.

आता एक स्टार का कापला.

एक तर सीईटीच्या स्पीडचं इथं काहीच नाही. मॅथ्सचा पेपर पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं पण नाहीत, आणि सर एका समीकरणावर पाऊण तास बसतेत. ऑप्शन बघून उत्तर काढायच्या युक्त्या विचारल्या तर सर चिडतेत. टँजंट, लॅटस रेक्टम, नाभी, उत्केंद्रता ह्याला हात लावला नाही जवळजवळ. सीईटीत अकरावीच्या भागाला साधारण वीस टक्केच वजन, त्यात कॉनिक्सचा (म्हणजे ह्याच वक्रांचा) वाटा किती येणार, म्हणजे मार्काच्या हिशोबानं दहा दिवस जास्तच झाले. ज्याचा सिलॅबस अर्धा राहिलाय त्यानं इकडं येऊ नये, आधी ते संपवावं. रेषांच्या जोडीवर मात्र ही बॅच सोन्यासारखी, "के ची किंमत काढा म्हणजे समीकरण दोन रेषा दाखवंल" असले प्रश्न भाऊ आता चहा पीत पीत सोडवायलाय.

दुसरं, झेरॉक्स नोट्स नाहीत, टेस्ट नाही, चुकवला दिवस तर गेला. एका पोराच्या घरी दिवाळीत तुळजापूरला जायचं ठरलं, त्याचा झाकणाचा दिवस गेला, नंतर त्याला सांगूनबी समजंना. रेकॉर्डिंग करू देत नाहीत.

आणि पोरींसाठी सांगते, सतरंजीवर दोन तास बसायचं, पाठीला टेकायला नाही, पंखा एकच आणि तो सरांच्या डोक्यावर. बाथरूम घरातलं वापरू देतेत, काकू स्वतः सांगतेत लाजू नका म्हणून, तेवढं बरं. सुटायला सात म्हणतेत पण साडेसात होतेतच, गावाकडच्या पोरींनी परतीचं आधी बघून ठेवा. आमची दोनदा गाडी चुकली, एकदा काळीपिवळीनं आलो, पंधरा माणसं कोंबलेली.

मोठा क्लास सोडला का, तर नाही सोडला, टेस्ट तिथंच देतोय, त्याचा फायदा आहे. दिवाळीनंतरच्या एका टेस्टमधी परत एक मोडकं समीकरण आलं, आणि आन्सर की परत चार्टवालीच. ह्या वेळेस भावानं पेपरमधी वर्ग पुरे करून दोन रेषा काढून ग्राफसकट नेऊन दाखवलं. दोन दिवसांनी अ‍ॅपवर मार्क बदलले, मेसेज काहीच नाही, नुसते दोन मार्क वाढलेले. सप्टेंबरचे नाही वाढले.

पुढची बॅच विचारली तर सर म्हणले बोर्डाच्या परीक्षा झाल्यावर बघू, तब्येत बरी असली तर. फी तीच. जाणाऱ्यांनी ग्राफ पेपर घरून न्यावा, जवळच्या दुकानात बारीक चौकोनांचा मिळत नाही, आणि पट्टी तीस सेंटिमीटरची. आणि आई-मावशीला आधीच सांगून साडीच्या बॉक्सचं झाकण मागून ठेवा, सरांकडं दोनच आहेत आणि त्यातलं एक आमच्या भावाच्या हातानं तडकलंय.